आधी श्वास, मग हास्य

‘हसा आणि लठ्ठ व्हा’ असे आपल्याकडे म्हणतात. आनंदी माणसाला दीर्घायुष्य लाभते, असे व्याख्यानांतूनही ऐकतो. मला हे पटत नाही.

आमचे आजोबा म्हणजे लालबागच्या आमच्या चाळीतले सर्वांत हसरे गृहस्थ. भजनात पखवाज त्यांचा, गणपतीत धावपळ त्यांची. पण १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, त्याआधी सोळा वर्षे ते कार्डिंग खात्यात होते. कापसाच्या धुळीने छातीचा रोग होतो. आज दोन जिने चढताना ते चार वेळा थांबतात. हसणे मात्र सुटलेले नाही.

ब्रिटनमधील सुमारे सात लाख स्त्रियांची पाहणी २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष असा, की आजारपण माणसाला दुःखी करते. पण केवळ दुःखी असल्याने मरण लवकर येत नाही.

म्हणून खोकणाऱ्या माणसाला ‘आनंदी राहा’ असा उपदेश करणे म्हणजे आजाराचा दोष त्याच्याच माथी मारणे होय. कामाच्या जागी स्वच्छ हवा आणि वेळेवर औषध, हा दीर्घायुष्याचा खरा मार्ग. आजोबांच्या हसण्याने त्यांचे आयुष्य वाढले नसेल. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतले दिवस मात्र सुखाचे झाले. आनंदाचे एवढे मोल मला पुरेसे वाटते.