पाहायला गेलेलं लेकरू काय घेऊन येतं?



लेकरू परदेशात शिकायला गेलं की आईबापाचा जीव इकडे मोबाईलला टांगलेला असतो. सेनगाव तालुक्यातल्या आपल्या साखऱ्यासारख्या गावात तर एका घरचं लेकरू विमानात बसलं की ती साऱ्या वस्तीची बातमी होते. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती २००३ साली सुरू झाली. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसावं लागलं, त्यांची नातवंडं आज लंडनच्या विद्यापीठात बसतात. ही थोडीथोडकी गोष्ट नाही.

आणि मग एखाद्या रविवारी फोटो येतो. लेकरू कुठल्याशा सिनेमाच्या स्टुडिओत उभं आहे. अंगात काळा झगा, हातात जादूची छडी, चेहऱ्यावर हसू. लगेच वस्तीत कुजबुज सुरू होते, "शिकायला गेलं का हिंडायला?" तिकीट पन्नास पौंडांच्या वर, म्हणजे आपले पाच हजारांहून जास्त रुपये, हे कळल्यावर तर बापाचं तोंड उतरतं. सोयाबीन कापताना, हळद काढताना एवढ्या पैशासाठी किती दिवस वाकावं लागतं, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचं सरळ उत्तर दिलं पाहिजे.

आधी तिथे पाहण्यासारखं आहे तरी काय, ते समजून घेऊ. हॅरी पॉटर या जादूगार मुलाचे आठ सिनेमे २००१ ते २०११ या काळात आले. आपल्या पोरांनी ते टीव्हीवर पाहिले आहेत, त्याची पुस्तकं मराठीतही मिळतात. ते सिनेमे लंडनजवळ लीव्ह्सडन इथे तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात त्या जागी विमानांचा कारखाना होता. पुढे तिथे विमानांची इंजिनं बनत. कारखाना बंद पडल्यावर त्याच उंच शेडमध्ये सिनेमाची कामं सुरू झाली, आणि २०१२ पासून तो स्टुडिओ लोकांना पाहण्यासाठी खुला झाला.

लंडनच्या युस्टन स्टेशनवरून वीसेक मिनिटांत रेल्वेने वॉटफर्ड जंक्शन येतं, तिथून स्टुडिओची बस असते. आत गेल्यावर जादू उघडी पडते. बँकेचे संगमरवरी खांब खरे संगमरवरी नाहीत, ती रंगाऱ्याची करामत आहे. उडणारा झाडू उडत नाही. हिरव्या पडद्यासमोर माणसाला झाडूवर बसवतात आणि मागचं आभाळ नंतर जोडतात. सिनेमात डोंगराएवढा दिसणारा किल्ला म्हणजे मूळ आकाराच्या चोविसाव्या हिश्शाचा नमुना आहे, आणि तो पहिल्यांदा उभा करायला ८६ कलाकार-कारागीर लागले. एका दालनात छड्यांचे चार हजारांहून अधिक डबे मांडले आहेत. प्रत्येक डब्यावर त्या सिनेमांसाठी काम केलेल्या एकेका माणसाचं नाव आहे. नटाचं नाव आहे, तसंच पडद्यामागे राबणाऱ्याचंही आहे.

आता विचार करा. सुतार, गवंडी, रंगारी, शिंपी ही कामं आपल्या घरात कोणी केली नाहीत? आपल्या माणसांनी वाडे बांधले, रस्ते केले, धरणं उभारली. त्यांची नावं कुठल्या डब्यावर आहेत? त्या दालनात उभं राहून आपल्या लेकराच्या मनात हा प्रश्न आला, तर त्या दिवसाचे पैसे वसूल झाले. आणि नुसता झगा घालून फोटो काढला नि परत आलं, तर बापाची तक्रार खरी ठरली. फिरण्यात दोष नाही, फक्त काय पाहिलं आणि कसं पाहिलं हे महत्त्वाचं.

याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले. वय चाळिशीपलीकडचं, पण गेले ते विद्यार्थी होऊन. तिथल्या एका सिनेमाच्या साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली. वॉल्टन इथला हेपवर्थचा स्टुडिओ फाळक्यांनी विभागवार हिंडून पाहिला. कॅमेरा विकत घेतला, फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि दोन महिन्यांत घरी परतले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला. घरी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला, ती धुवायला शिकल्या आणि काम करणाऱ्या साऱ्या माणसांच्या जेवणाचंही त्यांनीच पाहिलं. फाळके आपल्या वस्तीतले नव्हते, आपल्यासारखी दारं त्यांना बंद नव्हती. पण पाहून आलेला माणूस काय करू शकतो, हे त्यांच्यापासून घेण्यासारखं आहे.

कोणी म्हणेल, बाबासाहेब कुठे फिरायला गेले होते? प्रश्न रास्त आहे. लंडनला बाबासाहेब दिवसभर ग्रंथालयात बसत आणि अर्धपोटी राहत. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांना परतावं लागलं. १९२० साली पुन्हा गेले ते साठवलेल्या आणि उसन्या पैशावर. इकडे माता रमाईने संसार कसा रेटला, हे मी सांगायला नको. एकेका तासाचा हिशेब करणं त्यांना भाग होतं. पण याच बाबासाहेबांनी पुढे व्हायोलिन शिकायला घेतलं, चित्रकलेची आवड जोपासली. आनंद आणि कला यांचं त्यांना वावडं नव्हतं. त्यांना फुरसत मिळाली नाही, म्हणून आपल्या लेकरांनीही ती घेऊ नये, असा अर्थ कोणी काढू नये.

शिवाय दोन्ही गोष्टी एका दिवसात होतात. लंडनला १०, किंग हेन्रीज रोड इथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते. ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतलं. जवळच्या चॉक फार्म स्टेशनवरून भुयारी रेल्वेने युस्टनला थोड्याच वेळात पोचता येतं. लेकराने सकाळी तिथे डोकं टेकवावं आणि दुपारी स्टुडिओला जावं.

कॅमेरा आपल्या माणसाच्या हाती आला की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला शिकत असताना 'पिस्तुल्या' हा छोटा सिनेमा केला. शाळेसाठी तळमळणाऱ्या गरीब पोराच्या त्या गोष्टीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१३ साली 'फँड्री' आला. त्यासाठी कोणाला लंडन गाठावं लागलं नाही. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून आहे. तिथे कॅमेरा, ध्वनी, संकलन, कलादिग्दर्शन शिकवतात. बाबासाहेबांच्या नावाच्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. गोरेगावची चित्रनगरी तर मुंबईतच आहे. घरात सुतारकीचा हात असलेल्या, शिवणकाम जाणणाऱ्या पोरापोरींनी या वाटेची चौकशी जरूर करावी.

परदेशी गेलेल्या मुलामुलींना दोन गोष्टी सांगतो. स्टुडिओचं तिकीट दारात मिळत नाही, आधी काढावं लागतं. तेव्हा महिन्याच्या खर्चातून बाजूला ठेवलेल्या पैशातूनच काढा, उसनवारी करून नको. झाडूवरचा विकतचा फोटो नाही घेतला तरी चालतो. त्याऐवजी एक वही न्या. कोणतं काम कसं करतात, ते करणाऱ्याला काय यावं लागतं, हे टिपून ठेवा आणि रात्री घरी फोनवर सांगा.

आणि मायबापहो, तुम्हाला एकच विनंती. फोटो आला की "किती लागले?" हे पहिल्याने विचारू नका. पहिल्याने विचारा, "काय पाहिलंस?" परक्या मुलखात लेकरू एकटं असतं. घरून दर वेळी पैशाचाच जाब आला की ते फोटो पाठवायचं बंद करतं. मग आजारपण सांगत नाही, परीक्षेत मागे पडलेलं सांगत नाही, वर्गात कोणी जात विचारून टोचलं तेही सांगत नाही. पाच हजार रुपये पुन्हा मिळतील. बोलायचं बंद झालेलं लेकरू परत बोलतं करणं फार अवघड असतं.

पैशाचाही हिशेब जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण आधी त्याचं पाहिलेलं सगळं ऐकून घ्या.

जयभीम!