गुडघ्याला बाशिंग

दहावीचा निकाल लागला, की आमच्या शाळेच्या ओसरीवर पालकांची रीघ लागते. "सर, पोराला कुठली साइड घेऊ द्यावी?" ज्याला अजून मिसरूड फुटलेले नाही, त्याने जन्माची वाट आठ दिवसांत ठरवावयाची! शहरांतून तर आठवीपासूनच 'फाउंडेशन'चे वर्ग भरतात. पाया कसला, तर इंजिनियरिंगच्या नि डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेचा.

मी पडलो मॅट्रिक. पदव्यांविषयी बोलण्याचा याला अधिकार काय, असे कोणी पदवीधर विचारील. विचारो बापडा. वाट चुकलेली पोरे माझ्याकडे परत येतात, त्याच्याकडे नाही.

पहिली दहा वर्षे सर्वांना सारखेच शिक्षण द्या, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. ते ठीकच होते. पण दहावीच्या उंबऱ्यावर आपण तीन दारे उभी केली, आणि एकातून आत गेलेल्याला दुसरे उघडेना. या भिंती नकोत, असे २०२० चे शैक्षणिक धोरण म्हणते खरे. तोच २०२४ च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने नवी सवलत काढली : हुशार विद्यार्थ्याने तीन वर्षांची पदवी पाच सत्रांतच उरकावी. त्याची निवड पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राअखेर! सावकाश शिकण्याचीही मुभा त्याच नियमांत आहे. पण ती घेतल्याचे कोणता बाप चारचौघांत सांगेल?

गरिबाचा मुलगा सहा महिने आधी मिळवता होईल, हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण पंधराव्या वर्षी निवडलेले चुकले, हे कळायलाही काही काळ लागतो. नेमका तोच आपण कापतो आहोत. दामोदर कोसंबी हार्वर्डचे पदवीधर, पेशाने गणिती. चांदीची आहत नाणी तोलता तोलता ते प्राचीन इतिहासाकडे वळले, भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली, आणि भारतीय इतिहासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९५६ साली आला, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. त्यांना कुठल्या साइडला बसवाल?

यंदा आमच्या एका मुलीने विचारले, "सर, गणित आणि इतिहास दोन्ही नाही का घेता येणार?" तालुक्याच्या कॉलेजात ती जोडी नव्हती. तिने सायन्स घेतले. परवा शाळेत आली, ती इतिहासाचे एखादे पुस्तक मागायला. आणि घरी सांगू नका, म्हणाली.