पन्नाशीची बाई कुणाच्या यादीत आहे?

‘ताई, छातीची तपासणी कितव्या वर्षापासून करायची?’ हा प्रश्न आता वस्तीतल्या बैठकीत हमखास येतो. पूर्वी येत नसे. ‘स्तन’ हा शब्द उच्चारला की बायका पदर सावरून एकमेकींकडे बघायच्या. आता विचारतात आणि उत्तर म्हणून एक आकडा मागतात. तो आकडा इतका सरळ नाही आणि त्यामागे बरंच राजकारण आहे, म्हणून हा लेख.

आकडे पुष्कळ आहेत. आपल्या सरकारने २०१६ मध्ये ठरवलं की तीस ते पासष्ट वर्षांच्या प्रत्येक बाईचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर पाच वर्षांनी हाताने तपासावेत. ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाने पन्नाशीपासून एकाहत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी मॅमोग्राफी होते. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २००९ मध्ये सरसकट तपासणी पन्नाशीपासून करा असं सांगितलं होतं, २०२४ मध्ये ते चाळिशीवर आले. आणि शहरातल्या खासगी रुग्णालयांच्या ‘महिला दिन पॅकेज’वर तिशीपासून दरवर्षी मॅमोग्राफी असते. मी छत्तीस वर्षांची आहे, माझ्याही फोनवर ते संदेश येतात.

पॅकेजवाल्यांचा युक्तिवाद ठरलेला : भारतात हा कॅन्सर पाश्चात्त्य बायकांपेक्षा दहा वर्षं आधी होतो, म्हणून लवकर सुरुवात करा. ऐकायला पटतं. आपल्याकडे रुग्ण बायकांचं सरासरी वय कमी आहे हे खरंच. पण त्याचं एक मोठं कारण साधं आहे. आपल्या देशात तरुण माणसं जास्त आहेत. ज्या गावात म्हातारी माणसंच थोडी, तिथे कुठल्याही आजाराचं सरासरी वय खाली येणारच. चाळिशीतल्या एक लाख बायकांमागे किती जणींना हा आजार होतो असं मोजलं, तर आपला आकडा अमेरिकेपेक्षा जास्त नाही, कमीच आहे. शिवाय तरुण वयात स्तनांची घडण दाट असते आणि मॅमोग्राफीच्या चित्रात गाठ त्या दाटीत लपून जाते. नसलेली गाठ दिसल्यासारखी वाटते तेही याच वयात जास्त. मग सुई घालून तपासणी, पुन्हा फोटो, महिनाभर झोप नाही, नवऱ्याचे टोमणे वेगळेच. या सगळ्याची किंमत पॅकेजच्या कागदावर छापलेली नसते.

मुंबईतला एक प्रयोग मला या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमध्ये तो सुरू केला. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, बायकांचे स्तन हाताने तपासले. मॅमोग्राफी नाही, मशीन नाही. उरलेल्या वस्त्यांमध्ये फक्त माहिती दिली. (याच प्रयोगात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचीही तपासणी होती आणि निम्म्या बायकांना ती का दिली नाही, यावर पुढे मोठा वाद झाला. तो वाद रास्त होता असं माझं मत आहे. पण त्या बायकांनी दिलेलं ज्ञान वाया घालवणं हा दुसरा अन्याय होईल.)

वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर सापडण्याचं प्रमाण सत्तेचाळीस टक्क्यांवरून सदतीस टक्क्यांवर आलं. सगळ्या वयाच्या बायका एकत्र धरल्या तर मृत्यू पंधरा टक्क्यांनी कमी दिसले, पण ही घट योगायोगाचीही असू शकेल इतकीच होती. वयानुसार फोड केली तेव्हा मात्र पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये तसा ठोस फरक नव्हता. ही फोड मागाहून केलेली आहे, म्हणून तिच्याकडे सावधपणे बघायला हवं हे मान्य. तरी आपल्या देशातल्या, आपल्यासारख्याच वस्तीतल्या बायकांबद्दलचा इतका मोठा पुरावा माझ्या माहितीत दुसरा नाही. आणि तो सांगतो की नुसत्या हाताच्या तपासणीचा सर्वांत जास्त फायदा पन्नाशीच्या बाईला होतो.

आता बघा, ही पन्नाशीची बाई आपल्या आरोग्यव्यवस्थेत कुठे आहे?

मी सोलापुरात विडी कामगार बायकांमध्ये काम करते. इथल्या बाईची दवाखान्याशी ओळख होते ती पहिल्या गरोदरपणात. मग बाळंतपणं, लसी, आणि शेवटी कुटुंबनियोजनाचं ‘ऑपरेशन’. ते झालं की तिचं नाव नर्सबाईंच्या वहीतून जवळजवळ गळूनच जातं. गर्भाशय कामाला येईपर्यंत बाई मोजायची, पुढे तिची मोजदाद नाही. हे शब्दशः खरं आहे : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्याच बायकांना प्रश्न विचारतात. २०१९–२१ च्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी स्तनांची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या एक टक्क्याहूनही कमी. पन्नाशीच्या पुढे किती? तो रकानाच नाही.

घरातही तेच. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या छप्पन्न वर्षांच्या मावशींची गाठ फुटून जखम झाली होती. दीड वर्ष लेप लावत होत्या. का दाखवलं नाही, विचारलं तर म्हणाल्या, ‘सुनेचं बाळंतपण होतं. आणि आता माझं काय उरलंय बघण्यासारखं?’ त्यांना बार्शीला पाठवलं, उपचार सुरू झाले. सरकारी योजनेत ऑपरेशन, केमो बसतं. पण निदान होईपर्यंतच्या फेऱ्या, बुडालेली विड्यांची मजुरी आणि सोबत जाणाऱ्या लेकीचा खाडा कुठल्याच योजनेत बसत नाही.

दारोदार फिरून आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकीचा फॉर्म भरतात. त्यात विचारलेलं असतं : स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्ताळ स्राव येतो का, आकार बदललाय का? प्रश्न बरोबर आहेत. पण ते उंबरठ्यावर उभं राहून, सासरा बाजेवर बसलेला असताना विचारले जातात. कोण ‘हो’ म्हणेल? आशाताईंना मी दोष देत नाही. तुटपुंज्या मोबदल्यात त्यांनी किती नि काय करायचं!

म्हणून माझं मत असं, की वयाचा आकडा ठरवताना आपल्याकडे तपासणारे हात किती आणि त्यापुढची सोय काय, हे आधी बघावं. हात थोडे असतील तर ते आधी पन्नाशीच्या बाईपर्यंत पोचावेत, आणि दर पाच नव्हे तर दोन वर्षांनी, कारण फायदा दिसला तो दोन वर्षांच्या फेऱ्यांत. मग चाळिशी, मग तिशी. तिशीचा आकडा कागदावर ठेवून एक टक्का बायका तपासण्यात कसली समानता? ज्यांना परवडतं आणि ज्यांना सगळी बाजू समजलेली आहे, त्यांनी चाळिशीत मॅमोग्राफी सुरू केली तर त्याला माझा विरोध नाही, ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात चाळिशीत सुरुवात केल्याचा थोडा फायदा दिसलाही आहे. आणि आई किंवा बहिणीला हा आजार झाला असेल, तर हे कोष्टक बाजूला ठेवायचं. तिला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहायचं.

एक गोष्ट मात्र बैठकीत मी दर वेळी दोनदा सांगते. हे सगळं ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यासाठी आहे. हाताला गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंड आत गेलं, तर वय विचारायचं नाही. पंचविशीची असो की पंच्याहत्तरीची, त्याच आठवड्यात दाखवायचं. शिबिराची वाट बघत बसायचं नाही. गेल्या शिबिरात एकोणतीस वर्षांच्या मुलीला वय बसत नाही म्हणून परत पाठवलं होतं. तिला गाठ लागत होती, आम्ही तिला दुसऱ्या दिवशी सिव्हिलला घेऊन गेलो.

पुढच्या महिन्याच्या शिबिराची यादी आम्ही गटातल्या बायकांबरोबर बसून नव्याने केली आहे. आधी पन्नाशीच्या पुढच्या, घरोघर जाऊन लिहिलेल्या. पहिल्याच गल्लीत बावीस नावं निघाली, त्यातल्या नऊ जणींची नावं कुठल्याच वहीत नव्हती. तपासणी बंद खोलीत होईल, दाराशी आमची कार्यकर्ती बसेल आणि जिला पुढे पाठवायचं तिच्यासोबत कोण जाणार हे नाव आधीच यादीत लिहिलेलं असेल. विड्यांचा माल त्या दिवशी उशिरा घ्यावा म्हणून कारखानदारांशी बोलणं चालू आहे. दोघांनी होकार दिलाय, तिसरा म्हणतो, म्हाताऱ्यांची कसली तपासणी.