संगणक म्हातारा केव्हा होतो?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण दोन-चार वर्षांत महाविद्यालयात जातील आणि त्यांच्या गुणपत्रिकेवर एखाद्या विद्यापीठाचे नाव छापले जाईल. त्या गुणपत्रिकेतील आकडे कोणत्या यंत्रावर भरले जातात, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का? परीक्षा विभागातील लिपिकाच्या टेबलावर एक संगणक असतो. तसाच तो ग्रंथपालाच्या, लेखापालाच्या आणि प्राध्यापकांच्या टेबलावरही असतो. मोठ्या विद्यापीठात ही संख्या सहज हजाराच्या घरात जाते. हे हजार संगणक सांभाळायचे कोणी, आणि त्यांतला कोणता केव्हा बदलायचा? वरवर पाहता हा भांडार विभागाचा रूक्ष प्रश्न वाटतो. पण त्यात भौतिकी आहे, अंकगणित आहे आणि आपल्या मराठी लिपीचा एक चमत्कारिक पेचही आहे. म्हणून त्याविषयीचे माझे मत तुमच्यापुढे, आणि तुमच्या शिक्षकांपुढेही, मांडतो.

आपल्याकडे यंत्रे बदलण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली मार्चअखेरची. अनुदान शिल्लक आहे, ते परत जाऊ नये, म्हणून एकदम तीन-चारशे संगणक घ्यायचे आणि जुने ‘पाच वर्षे झाली’ म्हणून निर्लेखित करायचे. दुसरी रीत याच्या अगदी उलट. यंत्र धूर सोडीपर्यंत वापरायचे आणि मग निविदा काढायची. माझ्या मते या दोन्ही रीती सारख्याच चुकीच्या आहेत, कारण दोहोंतही प्रत्यक्ष यंत्राकडे कोणी पाहतच नाही. पहिलीत पाहिले जाते ते दिनदर्शिकेकडे आणि दुसरीत तिजोरीकडे.

‘पाच वर्षांत संगणक जुना होतो’ हा समज आला कोठून? एके काळी तो खराही होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या अभियंत्यांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी स्मृती होती. हिशेब करून पाहा, ती अवघी १० किलोबाइट भरते. तुम्ही वाचत आहात तो लेख आजच्या पद्धतीने साठवायचा म्हटला, तर तोसुद्धा तेथे मावणार नाही! १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा कितीतरी पटींनी समर्थ संगणक आला आणि १९६५ साली टिफ्रॅक निवृत्त झाला. पाच वर्षांत खरोखरच एक युग संपले. त्यानंतरही कित्येक वर्षे प्रत्येक नवी पिढी जुनीला मागे टाकीत गेली. पण आज पत्र टंकायला, हजेरीपट भरायला किंवा शोधनिबंध वाचायला दहा वर्षांपूर्वीच्या संगणकाची शक्तीही पुरून उरते. कामे तीच राहिली, यंत्रे मात्र पुढे गेली.

‘मग जुना संगणक एवढा रडतखडत का चालतो?’ असे तुम्ही विचाराल. याची कारणे बहुधा साधी असतात. पंख्यात आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांत धूळ साचते, आतील प्रक्रियक तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. आपण म्हणतो, यंत्र थकले. वास्तविक त्याला फक्त झाडून काढायचे असते. कधी संगणकाचे घड्याळ चालविणारा नाण्याएवढा घट संपतो आणि यंत्र सुरू होताच तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांवर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध’ अशी मुदत असते. संगणकाला वाटते, ही मुदत अजून सुरूच झालेली नाही. आणि तो संकेतस्थळ उघडायचे नाकारतो. चहाच्या दोन-चार कपांच्या किमतीत येणाऱ्या घटापायी अख्खा संगणक ‘नादुरुस्त’ ठरतो!

सर्वांत मोठा अपराधी म्हणजे फिरती चुंबकीय तबकडी. ती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती वाचक-टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. त्या टोकाचा दांडा योग्य जागी सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या ठिकाणांहून वाचायचे झाले, तर सेकंदाला जेमतेम ७५-८० वेळा. तबकडीऐवजी हलता भाग नसलेली घन-अवस्था स्मृती, म्हणजे एसएसडी, बसविली तर तेच काम सेकंदाला हजारो वेळा होते. सात-आठ वर्षांचा संगणक एवढ्या एका बदलाने तरतरीत होतो, आणि खर्च नव्या यंत्राच्या एका लहानशा हिश्शाएवढा येतो.

मग संगणक खरोखर म्हातारा होतो तरी केव्हा? माझे उत्तर असे: त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबते, त्या दिवशी.

हे नीट समजून घ्या. संगणक चालविणारी कार्यप्रणाली म्हणजे कोट्यवधी ओळींची आज्ञावली. तीत चुका असणारच. त्या सापडतात, तेव्हा उत्पादक दुरुस्ती प्रसिद्ध करतो. पण दुरुस्ती प्रसिद्ध झाली की भिंतीला भोक नेमके कोठे होते, हे चोरांनाही कळते. ज्याने भोक बुजविले तो सुरक्षित. ज्याच्या यंत्राला दुरुस्ती मिळतच नाही, तो पूर्वीपेक्षाही अधिक उघडा पडतो. विंडोज १० या प्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि त्या दिवशी जगभर असंख्य धडधाकट संगणक असे म्हातारे झाले. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही, कारण त्या प्रणालीला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचे प्रक्रियक साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात.

‘एखाद्या लिपिकाचा संगणक उघडा पडला तर एवढे काय बिघडते?’ नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाला याचे उत्तर विचारा. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथे फसव्या ई-पत्रातील दुवा उघडला गेला आणि चोर एका साध्या संगणकात शिरले. दोन महिने ते आत गुपचूप हिंडत होते. सुरक्षा-दुरुस्त्या बसवायच्या राहून गेलेला एक सर्व्हर त्यांना सापडला आणि त्यातून सगळ्या जाळ्याच्या किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. २३ डिसेंबरला, ऐन नाताळच्या तोंडावर, त्यांनी २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. काही महत्त्वाच्या माहितीच्या राखीव प्रतीही त्याच जाळ्यात होत्या, त्यामुळे त्याही गेल्या. परीक्षा, पगार आणि संशोधन सारेच अडले. अखेर विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो, खंडणी भरली. विद्यापीठाने ही हकिकत लपविली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये तपास-अहवालासह ती जगापुढे ठेवली, हे त्याचे मोठेपण.

म्हणून माझे म्हणणे असे की, विद्यापीठाचा संगणक हा विद्यापीठाचा आहे, ज्याच्या टेबलावर आहे त्याचा नव्हे. प्रत्येक यंत्राची नोंद मध्यवर्ती हवी. ‘डेड स्टॉक’ नोंदवहीत अनुक्रमांक, किंमत आणि खरेदीची तारीख असते. पण त्यावर कोणती प्रणाली आहे, शेवटची दुरुस्ती केव्हा बसली, आधार केव्हा संपणार, तबकडी फिरती की घन, हे रकाने बहुधा नसतातच. वास्तविक निर्णय घ्यायचा तो याच रकान्यांवरून. काही प्राध्यापकांना असे केंद्रीय नियंत्रण आवडत नाही. प्रयोगासाठी एखादी नवी आज्ञावली बसवायची तर परवानगीसाठी आठवडाभर थांबावे लागते, ही त्यांची तक्रार खोटी नाही. त्यांच्यासाठी प्रयोगाची यंत्रे वेगळ्या जाळ्यावर ठेवावीत. पण गुणपत्रिका जेथे तयार होतात, त्या जाळ्यावर मनमानी नको.

आधार संपलेल्या यंत्राला लगेच भंगारात काढावे, असेही नाही. विंडोज १० साठी शिक्षणसंस्थांना वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय ठेवली गेली. तिचा दर प्रत्येक यंत्रामागे पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार. म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंतची सोय सात डॉलरांत. दुसरा मार्ग लिनक्सचा. केरळातील सरकारी शाळा अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर चालत आल्या आहेत, मग वाचनालयातील सूची पाहण्याच्या संगणकाला काय हरकत आहे? ‘जुना संगणक वीज जास्त खातो’, असे म्हणणारे भेटतील. त्यांचेही गणित मांडू. समजा, जुना ८० वॉट घेतो आणि नवा ३०. रोज ८ तास, वर्षाला २५० दिवस, म्हणजे २,००० तास. बचत १०० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला हजार रुपये. पन्नास हजारांचे यंत्र विजेच्या बचतीतून फिटायला पन्नास वर्षे लागतील!

नवे यंत्र कोणाला द्यावे, याबाबतही मला थोडे कटू बोलायचे आहे. आपल्याकडे ते हुद्द्याप्रमाणे वर जाते. अधिकाऱ्याच्या टेबलावर उत्तमोत्तम यंत्र, आणि त्यावर काम दिवसाला चार पत्रे वाचण्याचे. वास्तविक हजारो छायाचित्रांचे विश्लेषण करणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीला ते हवे. तीन-चार वर्षांनी तेच यंत्र कार्यालयात उतरावे आणि शेवटी वाचनालयात.

आता मराठीचा पेच. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्या कार्यालयांत मराठी मजकूर टंकला जाई तो खास फॉन्टांत. त्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच. केवळ फॉन्टमुळे तो मराठी दिसे. जुने यंत्र काढले, त्याबरोबर तो फॉन्ट गेला, की नव्या यंत्रावर विद्यापीठाचा वीस वर्षांपूर्वीचा ठराव रोमन अक्षरांचा कचरा होऊन उघडतो. केवळ क्रमांक बदलून भागत नाही, कारण क्रमही वेगळा असतो. ‘किरण’ लिहिताना जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी आधी आणि क नंतर, जसे डोळ्यांना दिसते तसे. युनिकोडात क आधी, वेलांटी नंतर, जसा उच्चार होतो तसे. ‘सूर्य’मधील रफाराचेही असेच, युनिकोडात र् आधी येतो, जुन्या फॉन्टात तो य च्या मागून. शिवाय प्रत्येक फॉन्टाचा नकाशा निराळा. रूपांतराच्या आज्ञावल्या आहेत, पण त्यांचे काम माणसाने वाचून तपासावे लागते. म्हणून जुना संगणक काढण्याच्या आधी, नंतर नव्हे, त्यातील मराठी धारिका युनिकोडात आणून तपासल्या पाहिजेत. नव्या यंत्रांच्या निविदेत या कामाचे पैसे धरलेले मी तरी कोठे पाहिलेले नाहीत.

खरेदीचे अंकगणित सोपे आहे. हजार यंत्रे, आयुष्य सात वर्षे आणि किंमत पन्नास हजार धरली, तर दरवर्षी १४३ यंत्रे, म्हणजे सुमारे साडेएकाहत्तर लाख रुपये. हजारही एकदम घेतली तर पाच कोटी, आणि सात वर्षांनी सारी एकदम म्हातारी! एस. टी. च्या आगारातल्या सगळ्या गाड्या एकाच वर्षी घेतल्या तर काय होईल, याचा विचार करा.

जे यंत्र खरेच निकाली निघाले, त्याची तबकडी पुसली पाहिजे. धारिका ‘काढून टाकली’ म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली. पाने तशीच राहतात. यंत्र द्यायचे ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचे तसे बंधनच आहे. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद चतुर्थांशाहूनही कमी भागाची आहे.

शिक्षक मित्रांना एक विनंती. शाळेच्या संगणक कक्षातील यंत्रांची वर सांगितलेल्या रकान्यांची नोंदवही नववीच्या मुलांकडून करून घ्या. दोन तासिका पुरतील. विद्यार्थी मित्रांनो, तारीख चुकीची दाखविणारी यंत्रे आधी वेगळी काढा आणि त्यांचे घट तपासा. मात्र झाकण उघडण्यापूर्वी वीज-जोड काढायला विसरू नका.