उंबरातील सुई आणि मेंदूतील वाट

उंबराचे फूल कोणाच्या दृष्टीस पडत नाही, असे आपण म्हणतो. याचे कारण असे की, उंबराची शेकडो चिमुकली फुले त्या हिरव्या फळाच्या आतच दडलेली असतात. त्यांच्या आश्रयाने काही कीटकांची पिले वाढतात, आणि या पिलांवर आपली अंडी घालू पाहणारा दुसरा एक कीटक फळावर बाहेरूनच बसून, टणक सालीतून एक लांब सुई आत उतरवितो. गांधीलमाशीच्या दूरच्या कुळातील या कीटकाची सुई माणसाच्या केसाहूनही बारीक असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी तिचा अभ्यास करून २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. सुईच्या टोकाशी त्यांना जस्ताचा अंश आढळला. अशा धातूच्या योगाने टोकाला कठीणपणा येतो.

टोक कठीण असले, तरी एक कोडे उरतेच. इतकी बारीक वस्तू मागून रेटली, तर ती आत शिरण्याऐवजी वाकावयास हवी. केरसुणीची काडी कच्च्या पेरूत खुपसून पाहावी, म्हणजे ही अडचण ध्यानात येईल. मग हे कीटक आपले काम साधतात कसे? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या उत्तराचा उपयोग मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी करून घेण्याचा प्रयत्न चालू आहे.

मेंदू हा खरवसासारखा मऊ अवयव आहे. त्याच्या खोल भागातील गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढावयाचा असो, की तेथे औषध पोहोचवावयाचे असो, कवटीला लहानसे छिद्र पाडून सुई आत घालावी लागते. औषध रक्तातून का देऊ नये, असे वाचक विचारतील. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती मोठ्या दक्ष पहारेकऱ्याचे काम करतात आणि पुष्कळशी औषधे त्या आत येऊच देत नाहीत. म्हणून बारीक नळीतून, मंद दाबाने, औषध थेट मेंदूत मुरविण्याची पद्धत अमेरिकेतील संशोधकांनी १९९४ मध्ये मांडली.

सुई नेमक्या जागी नेण्याची विद्या त्याआधीची आहे. स्पीगेल आणि वायसिस यांनी १९४७ मध्ये फिलाडेल्फिया येथे रुग्णाच्या डोक्यावर मोजमापाची चौकट बसवून हे काम करून दाखविले. मात्र ताठ सुईला एकच वाट ठाऊक असते, ती म्हणजे सरळ रेषा. त्या रेषेत एखादी रक्तवाहिनी आली, तर रक्तस्रावाचे भय. वाचेचे किंवा हातापायांच्या हालचालीचे तंतू आले, तर गाठ सापडूनही माणसाचे बोलणे हरपण्याची धास्ती. शिवाय सुई पुढे रेटताना मऊ मेंदू तिच्याबरोबर किंचित ओढला जातो आणि जेथे पोहोचावयाचे ती जागाच थोडी सरकते. मेंदूत एक-दोन मिलिमीटरांचा फरकदेखील लहान नसतो.

येथे कीटकाची युक्ती उपयोगी पडते. पाइनसारख्या झाडांच्या लाकडात अंडी घालणारी एक गांधीलमाशी आहे. तिची सुई लाकडात कशी उतरते, याचे विवेचन ब्रिटनमधील ज्युलियन व्हिन्सेंट आणि किंग या संशोधकांनी १९९५ मध्ये केले. ही सुई अखंड नसते. खाचेत खाच बसवून जोडलेल्या आणि एकमेकींवरून सरकणाऱ्या पट्ट्यांची ती बनलेली असते. पट्ट्यांवर मागे वळलेले बारीक दाते असतात. एक पट्टी दात्यांनी लाकूड धरून ठेवते, तिच्या आधाराने दुसरी पुढे सरकते. मग दुसरी धरते आणि पहिली सरकते. अशा आळीपाळीने सुई आत जाते, आणि तिला मागून फारसे रेटावे लागत नाही.

या तत्त्वावर लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील फर्डिनांडो रॉड्रिगेज इ बाएना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूसाठी एक लवचीक सुई तयार केली. सुमारे अडीच मिलिमीटर जाडीची ही सुई प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाची असून, तिचे लांबट चार भाग एकमेकांत गुंतलेले असतात. एक भाग पुढे सरकतो, तेव्हा उरलेले तीन स्थिर राहून आजूबाजूचा मेंदू सावरून धरतात. त्यामुळे तो ओढला जाण्याचे प्रमाण कमी होते. प्रत्येक भागाचे टोक बोरूप्रमाणे तिरपे कापलेले असते. चारही टोके एका रांगेत असली, की सुई सरळ जाते. एखादे पुढे काढले, की त्याच्या तिरप्या बाजूवर दाब येऊन सुई वळू लागते. कोणता भाग किती पुढे काढावयाचा, हे ठरवून तिला हवी ती दिशा देता येते. मग वाटेत रक्तवाहिनी असली, तर तिला वळसा घालून जाणे शक्य होते.

२०१६ मध्ये युरोपातील अनेक संस्थांनी मिळून हे काम पुढे नेण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात ही सुई यंत्राच्या साहाय्याने जिवंत मेंढ्यांच्या मेंदूत नेऊन पाहण्यात आली, आणि त्याचा वृत्तांत २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंढीचा मेंदू माणसाच्या मेंदूहून पुष्कळ लहान असतो. सुई वळली म्हणजे रुग्ण बरा झाला, असेही नव्हे. योग्य औषध, त्याची मात्रा आणि दीर्घकाळची सुरक्षितता यांची कसोटी स्वतंत्रपणे लागावयाची असते. ही सुई अद्याप रुग्णालयांतील नित्याच्या उपचारांत आलेली नाही. म्हणून ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल, त्यांनी तिची वाट पाहत आज उपलब्ध असलेला उपचार लांबणीवर टाकू नये. नव्याने येऊ लागलेली फेफरी, पहाटे उलटीसह होणारी आणि वाढत जाणारी डोकेदुखी, बोलण्यात आलेली अडखळ, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

घरातील मुलांनी मात्र उंबराचे हिरवे फळ एकदा निरखून पाहावे. त्यावर एखादा बारीक कीटक स्थिर बसलेला दिसला, तर त्याला हुसकू नये. कदाचित त्याची सुई त्याच वेळी आत उतरत असेल.