काढा कोणता, हेही लिहा

अमळनेरला माझा दवाखाना आहे. पदवी बीएएमएस. कावीळ झालेला माणूस माझ्याकडे येतो तो बहुधा तिसऱ्या फेरीत. आधी गावातला कावीळ उतरवणारा, मग आठवडे बाजारातला झाडपाला. काय घेतलं विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘झाडपाला शे, त्याना काय तरास व्हई?’

आणि बरेचजण बरे होतात, हीच तर पंचाईत. दूषित पाण्यातून येणारी ‘हिपॅटायटिस ए’ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूक उतरते. त्या काळात भुईआवळी द्या, एरंडाच्या पानांचा रस द्या, नाहीतर गळ्यात माळ घाला, यश देणाऱ्याच्या पदरात. भुईआवळीला गुण नाही असं मी म्हणत नाही. मीही ती देते. पण ती न घेणारे किती दिवसांत बरे झाले, हे शेजारी मांडून पाहिल्याशिवाय तिने काय केलं ते कळणार कसं? इथे आमची मंडळी ‘हजारो वर्षांचा अनुभव’ म्हणून मोकळी होतात.

पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी व सहकाऱ्यांनी गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांचे गट पाडले. कोणाला काय दिलंय हे रुग्णाला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. काही गटांना सुंठ, गुळवेल, आवळा, सालई (ही तर आपल्या सातपुड्यातली), बाकीच्यांना सेलेकॉक्सिब किंवा ग्लुकोसामाइन. २४ आठवडे हे चाललं. २०१३ साली ‘रुमॅटॉलॉजी’त निष्कर्ष छापून आला : आयुर्वेदिक औषध त्या दोन्हींच्या तोडीचं. त्याच निबंधात हेही आहे की आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काहींचं एसजीपीटी (यकृताच्या इजेची खूण) वाढलं, औषध थांबवल्यावर उतरलं. आमच्या परिषदांत पहिली ओळ पडद्यावर झळकते. दुसरी मी अजून पाहिलेली नाही.

करोनात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या, यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली. पुढच्या वर्षी देशभरातून अशाच ४३ रुग्णांची नोंद आली. मंत्रालयाची एक शंका मात्र रास्त होती : पोटात गेली ती गुळवेलच होती का? दिसायला तशाच वेली आहेत.

हे शोधायला खानदेशात काय कमी आहे? जळगाव जिल्ह्यातल्या वनौषधींच्या लोकज्ञानावर शुभांगी पवार आणि डी. ए. पाटील यांचा ग्रंथ आहे. शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राचं महाविद्यालय आहे, धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी माझ्या हाती पडणारे प्रबंध बहुतेक अर्क आणि उंदरांवरच संपतात.

लगेच मोठी चाचणी मागत नाही. कावीळ म्हणून दाखल होणाऱ्या प्रत्येकाला काढा कोणता घेतला ते विचारा, घरात उरलेली काडी मागवा, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाकडून ती ओळखून घ्या. घेतलेल्यांचं आणि न घेतलेल्यांचं बिलिरुबिन, एसजीपीटी दर आठवड्याला लिहा. पुढे खरी चाचणी करायची तर २००९ पासून सक्तीची झालेली नोंदणी आणि नैतिक समितीची संमती आहेच. आज फक्त केसपेपरावर एक रकाना वाढवायचा आहे, आणि त्याला कोणाची हरकत आहे, ते धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी सांगावं.