दाराची कडी कुणाच्या बाजूला?

खरं खरं सांगा, एखादं पुस्तक रात्री दोनपर्यंत जागून शेवटचं कधी वाचलंत? आणि ते कुठलं होतं, हे दुसऱ्या दिवशी चारचौघांत सांगितलंत का?

आधी मी सांगते. गेल्या तीन महिन्यांत मी दोन थ्रिलर आणि ड्रॅगन, जादू, प्रेम वगैरे असलेल्या तीन जाडजूड कादंबऱ्या वाचल्या. ऑफिसात कुणी विचारलं की 'सध्या काही खास नाही गं' म्हणून वेळ मारून नेत होते. टेबलावर मात्र एक भारदस्त चरित्र ठेवलं होतं, ज्याच्या अठराव्या पानावर चहाच्या बिलाची खूण अजून तशीच आहे. कॉलेज संपल्यावर सहा-सात वर्षं माझं वाचन जवळजवळ सुटलं होतं. ते परत आणलं या 'टाइमपास' पुस्तकांनी. त्यामुळे त्यांच्याबद्दल खोटं बोलणं म्हणजे जरा कृतघ्नपणाच झाला.

पण नुसतं 'मस्त आहे, वाच' म्हणणंही खोटंच. ते मला माझ्या मावसबहिणीमुळे कळलं. ती एकोणीस वर्षांची, पुण्यात पीजीमध्ये राहते. मी तिला रिबेका यारोसची 'फोर्थ विंग' वाचायला दिली आणि आठवड्याभरात तिचा मेसेज आला, 'ताई, माझा तो अगदी झेडनसारखा आहे गं!' खाली तीन हृदयं. मी विचारलं, म्हणजे कसा? तर तो तिला दर तासाला लोकेशन पाठवायला सांगतो, ग्रुपसोबत ट्रेकला गेलेलं त्याला आवडत नाही आणि स्वतःबद्दल फार काही सांगत नाही. 'खूप प्रोटेक्टिव्ह आहे.'

तेव्हा मी पाचही पुस्तकं मनातल्या मनात पुन्हा चाळली. पुढे थोडे स्पॉयलर आहेत. शेवट कुठलाच सांगणार नाही, पण ज्यांना मधलंही काही नको असेल त्यांनी इथेच पान उलटा, राग नाही.

सुरुवात थ्रिलरने करू. फ्रीडा मॅकफॅडनची 'द हाउसमेड' २०२२ ची, डिसेंबर २०२५ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. लेखिका पेशाने डॉक्टर आहे आणि हे तिचं टोपणनाव. मिली नावाची मुलगी तुरुंगातून सुटून आली आहे, गाडीत झोपते आहे. एका श्रीमंत घरात तिला राहून करायचं काम मिळतं. खोली माळ्यावर, खिडकी उघडत नाही आणि दाराची कडी बाहेरून. हे तिला दिसतं. तरी ती राहते, कारण दुसरीकडे जायला पैसे नाहीत आणि काम सुटलं तर पॅरोलचंही अवघड.

भाषा म्हणाल तर अगदी साधी, कधी कधी व्हॉट्सॲप मेसेज वाचल्यासारखी. प्रत्येक प्रकरण एका धक्क्यावर संपतं आणि पन्नासेक पानांनी त्या धक्क्यांचीही सवय होते. पण 'ही मुलगी निघून का जात नाही?' हा प्रश्न, ज्यावर अर्धे थ्रिलर गडगडतात, तो या पुस्तकाने पहिल्याच पानांत मिटवलाय. खिडकी न उघडणाऱ्या खोलीत डिपॉझिट अडकलंय म्हणून राहिलेल्या कुणालाही मिलीचं गणित समजावून सांगावं लागणार नाही. मालकीण निना तिला छळते, मालक मात्र समजूतदार, देखणा, सोशिक. आपण त्याच्या बाजूने कधी झुकलो हे आपल्यालाही कळत नाही. मध्यावर कथा सांगणारी व्यक्तीच बदलते आणि मग आपण आतापर्यंत कुणाला वेडं ठरवत होतो, याची लाज वाटायला लागते. शेवट मला भडक वाटला. पण ती लाज मात्र खरी होती.

(माझी प्रत फूटपाथवरची, हेही कबूल करते. नेमक्या त्या मध्यावर सोळा पानांचा एक फर्मा दोनदा लागला होता आणि पुढचा गायब! दीडशे रुपये वाचवायला गेले आणि तो धक्का मैत्रिणीच्या प्रतीत उभ्या उभ्या वाचावा लागला. लेखिकेला पैसे न देण्याची शिक्षा बरोबर जागी बसली.)

दुसरा थ्रिलर ॲलेक्स मायकेलिडीसचा, २०१९ चा 'द सायलेंट पेशंट'. चित्रकार ॲलिशिया नवऱ्याच्या चेहऱ्यावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर एक शब्दही बोलत नाही. मागे उरतं एक चित्र, ज्याला तिने 'अल्सेस्टिस' नाव दिलंय. युरिपिडीसच्या ग्रीक नाटकातली ही अल्सेस्टिस नवऱ्याच्या जागी स्वतः मरायला तयार होते, परतही येते, पण आल्यावर बोलत नाही. हा धागा मला सगळ्यात आवडला. शेवटचा ट्विस्ट? मला फसवून गेला, हातचं काही राखत नाही, टाळ्या. पण ॲलिशियाची डायरी मात्र पटली नाही. तासन्‌तास चाललेलं भांडण कुणी संवादांसकट, अवतरण चिन्हं टाकून डायरीत लिहितं का? आणि तिच्या गप्प राहण्याबद्दल इतकी सगळी माणसं इतकं बोलतात, की ती बाई कमी आणि कोडं जास्त उरते.

आता ड्रॅगनकडे.

'फोर्थ विंग' २०२३ ची. व्हायोलेट ग्रंथपालासारखं लेखनिकाचं आयुष्य जगायला वाढलेली, आई सेनापती. ती लेकीला ड्रॅगनवर स्वार होणाऱ्यांच्या विभागात ढकलते, जिथे पहिल्याच दिवशी अरुंद कठड्यावरून चालताना मुलं पडून मरतात. व्हायोलेटचे सांधे निखळतात, हाडं नाजूक. लेखिकेला स्वतःला एलर्स-डॅन्लॉस सिंड्रोम आहे आणि तिने तोच आजार आपल्या नायिकेला दिला. त्यामुळे गुडघ्याला पट्टी बांधणं, रात्री दुखणं मोजणं, उद्याच्या लढतीआधी प्रतिस्पर्ध्याच्या पोटात हळूच विष जाईल अशी व्यवस्था करणं, हे सगळं अगदी आतून आलंय. मी ड्रॅगनसाठी पुस्तक उघडलं आणि या पट्ट्यांसाठी वाचत राहिले. युद्धाचं राजकारण पातळ आहे, मृत्यू इतके होतात की नावं लक्षात ठेवणं मी सोडून दिलं. पण दुखणारं शरीर घेऊन धाडस करणारी नायिका मी याआधी फार वाचली नव्हती.

आणि तिच्याभोवती दोन मुलगे. डेन हा बालमित्र. चांगला आहे, जीव लावतो आणि रोज सांगतो, तुला जमणार नाही, चल, मी तुला इथून गुपचूप बाहेर काढतो. झेडन हा शत्रूचा मुलगा, तो म्हणतो, लढायला शीक. यारोसने इथे फार नेमकं काहीतरी पकडलंय. काळजीच्या नावाखाली अविश्वास कसा दिसतो, हे तिने डेनमधून दाखवलं. आपल्याकडे 'सातच्या आत घरात' म्हणणाऱ्या माणसांचंही आपल्यावर प्रेमच असतं की!

म्हणजे माझ्या बहिणीने पुस्तक वाचलं ते उलटं. तिचा 'तो' झेडन नाही, डेन आहे. हे मी तिला लगेच लिहिणार होते. पण मग झेडनचं काय, हा प्रश्न आला. झेडन भलीमोठी गोष्ट लपवतो. पुढच्या भागात, 'आयर्न फ्लेम'मध्ये, त्याचं म्हणणं असं, की तू नेमका प्रश्न विचार, मी उत्तर देईन. जी गोष्ट माहीतच नाही तिच्याबद्दल प्रश्न कसा विचारायचा? इथे मी पुस्तक पलंगावर आपटलं. लेखिका त्या दोघांना भांडायला लावते, हे खरं, पण त्याच्या डोळ्यांचं वर्णन आलं की तो जवळजवळ सुटतो.

हेच सारा जे. मासच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'मध्ये जास्त ठळक आहे. पहिलं पुस्तक २०१५ चं. फेअरा (मी अर्धं पुस्तक तिला 'फेयरे' म्हणत होते) शिकारीत एक लांडगा मारते आणि त्याची भरपाई म्हणून टॅमलिन नावाचा जादुई राजपुरुष तिला भिंतीपलीकडच्या प्रदेशात नेतो. 'ब्यूटी अँड द बीस्ट'चाच सांगाडा. फेअराला वाचता येत नाही, हा तपशील मला फार आवडला. कोडं भिंतीवर लिहिलेलं असतं, जीव टांगणीला लागलेला असतो आणि तिला अक्षरं जुळवता येत नाहीत. इतकी हतबल करणारी जागा या जाड मालिकेत दुसरी नाही.

दुसऱ्या भागात टॅमलिन तिला घरात कोंडतो. बाहेर धोका आहे, तू नाजूक आहेस, मी सांगतो तेच तुझ्या भल्याचं. ती रात्री उठून उलट्या करते आहे आणि तो झोपलाय. पहिल्या भागातल्या लाडक्या नायकाचं लेखिकेने असं करणं याला धाडस लागतं. ज्या वाचकांनी त्याचे फोटो भिंतीवर लावले असतील त्यांच्याच हातात तिने तो आरसा दिला. ही पानं मला 'द हाउसमेड'मधल्या माळ्यावरच्या खोलीपेक्षा जास्त भीतीदायक वाटली, कारण तिथे कडी लावणारा माणूस दुष्ट नाही.

पण मग येतो रीसँड. वय पाचशेच्या वर, फेअरा एकोणीसची, ते एक असो. पहिल्या भागात याच रीसँडने तिला रोज रात्री नशेचं पेय पाजून दरबारात नाचवलंय. तिचा मोडलेला हात पिरगाळून सौदा केलाय. दुसऱ्या भागात कळतं, की ते सगळं तिला वाचवायला होतं. आणि आपण, म्हणजे मीसुद्धा, हुश्श म्हणतो. टॅमलिनचं 'तुझ्या भल्यासाठी' गुन्हा ठरलं आणि रीसँडचं 'तुझ्या भल्यासाठी' त्याग! कथेने निकाल आधीच लिहून ठेवलाय, पुरावे मागून गोळा केलेत. माझा खरा राग या मालिकेवर आहे तो इथे, तिच्या 'स्पायसी' पानांवर अजिबात नाही.

त्या पानांची चर्चा फार होते म्हणून एक सांगते. ही मालिका आधी किशोरांच्या शेल्फात होती, नंतर नव्या मुखपृष्ठांनिशी मोठ्यांच्या शेल्फात गेली, ते बरंच झालं. पण 'हल्लीच्या मुली काय वाचतात' असा सूर लावणाऱ्या काका-मामांना आठवण करून द्यायला हवी, की १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या 'शामा' या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला चालला होता आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. अंक तेव्हाही कुणीतरी गादीखाली ठेवून वाचतच होतं. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा काय बाइंडिंग करून शोकेसमध्ये मिरवल्या जात होत्या? अद्भुताचंही तेच. मराठी कादंबरी जेमतेम रांगायला लागली होती, तेव्हा १८६१ मध्ये हळबे यांची 'मुक्तामाला' आली, ती अद्भुतरम्यच. आपल्या आवडीला परकं म्हणायचं कारण नाही.

तर, मी बहिणीला काय लिहिलं? आधी एक लांबलचक मेसेज टाइप केला, डेन आणि टॅमलिन आणि लोकेशन आणि लाल झेंडे. मग पुसला. तो मेसेजही 'तुझ्या भल्यासाठी' याच सुरात होता. तिला फोन करून एवढंच विचारलं, ट्रेकला जायचं नाही हे तू ठरवलंस की त्याने? ती म्हणाली, 'ताई, तू पण ना!' आणि विषय बदलला.

पुढच्या रविवारी पुण्याला गेले तेव्हा 'द हाउसमेड'ची नवी, पूर्ण, दुकानातून पावती घेऊन आणलेली प्रत तिच्या उशीशी ठेवून आले. काही बोलले नाही.

परवा रात्री पावणेएकला मेसेज आला. 'निना खरंच वेडी आहे की नाही, आत्ताच्या आत्ता सांग.' मी लिहिलं, नाही सांगणार. दोन मिनिटांनी, 'बरं. त्याचे सात मिस्ड कॉल आलेत, पण हे प्रकरण संपल्याशिवाय उचलत नाहीये.'